पाव फेरा

झाकण फिरलं नाही.

चहाच्या बरणीचं पत्र्याचं झाकण, एका कडेला चेपलेलं. रोज दोन बोटं लावली की सुटतं, जोर लावावा लागतो असंही नाही. आज हात त्याच्यावरून नुसता घसरला. त्याला वाटलं, हात ओला असेल. त्यानं हात पुसला, पुन्हा धरलं, आणि झाकण तिथल्या तिथंच. मग बरणी पोटाशी धरून त्यानं जोर लावला तेव्हा कुठं ते कर्रकन सुटलं, पावडर ओट्यावर सांडली, आणि तो झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला. गॅसवरचं पाणी उकळून अर्धं होत आलं होतं.

या घरात झाकणं घट्ट नसतात.

कुणी तसं ठरवलं नव्हतं. बायकोची बोटं सुजायला लागली त्या काळात एकदा तो दारात असताना त्यानं पाहिलं – ती साखरेच्या बरणीशी झटत होती, हातात फडकं, दात ओठावर. मग तिनं बरणी परत फळीवर ठेवली आणि बिनसाखरेचा चहा केला. हाक मारली नाही. ती मागणाऱ्यातली नव्हती. त्या रात्रीपासून झोपायच्या आधी तो स्वयंपाकघरात जायचा आणि एकेक झाकण नीट लावून मग पाव फेरा उलटा फिरवायचा. बरण्या, तेलाची बाटली, औषधांच्या बाटल्या. बोलणं कधीच झालं नाही. पावडर सादळली, साखरेला मुंग्या लागल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आपल्याकडच्या मुंग्या फार शिकलेल्या दिसतायत हो. झाकणं उघडतात."

म्हणजे तिला माहीत होतं. अर्थात माहीत होतं.

ती गेली तरी हात थांबला नाही. आणि मग मुलीची बोटं सुजली, सकाळी मूठ मिटेना, तेव्हा त्या हाताला पुन्हा कारण मिळालं. घरात आता दोघंच. तो आणि मुलगी. म्हणजे हे झाकण तिनं लावलं. त्या बोटांनी.

तिनं लावलं!

चहा करायचं राहूनच गेलं. गॅस बंद करून तो बाहेर पडला, परत आला, डबा घेतला, पुन्हा बाहेर पडला. मुलगी केव्हाच दुकानात गेली होती. फोन करावा? त्यानं खिशातून फोन काढलासुद्धा. पण विचारणार काय – झाकण तू लावलंस का? आणि मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज कसं वाटतंय असं तिला विचारत जाऊ नका, तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती बरं आहे म्हणेल. फोन खिशात गेला. पायांना मात्र ते कळलं नाही, ते जवळजवळ पळतच होते. अरे, हळू चाल, म्हातारा आहेस... असू दे म्हातारा.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू दिसला की तुटून पडतात. त्यातल्या काही अशा निघतात की त्यांना घरचं कोण, बाहेरचं कोण हे कळत नाही, आणि तशा थोड्याफार सगळ्यांच्याच अंगात असतात, तुमच्याही असतील. पण त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्या म्हणतात, पुरे, हे आपलंच आहे. या आजारात त्या आवरणाऱ्या कमी पडतात, नाहीतर असूनही त्यांचं कुणी ऐकत नाही. मग सांध्यांना चावा बसतो, आणि सुटत नाही.

"म्हणजे धर येतं, सोड येत नाही," तो म्हणाला होता.

"काय करता तुम्ही?"

"कुत्री शिकवतो. गोदामांच्या राखणीची."

त्या हसल्या. "इतकं सोपं नाहीये ते काका. पण चालेल."

आणि मग त्यांनी सुयांचं सांगितलं. नवीन औषध, अजून तपासणी चालू आहे. आवरणाऱ्या पेशींना बळ मिळावं म्हणून. काहींना औषध, काहींना नुसतं मीठपाणी, आणि कुणाला काय हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना. मुलीनं सही केली. अडखळत, पेन मुठीत धरून.

बायकोच्या वेळी हे असं कुणी सांगितलं नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं शरीर तुमच्याच विरुद्ध गेलंय, बस. त्यावर ती तिथं हसली होती – "घ्या. सासरचं कुणी असतं तर समजू शकले असते. हे माझंच रक्त!" डॉक्टरही हसले. पण घरी आल्यावर दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, "मी काय वाईट केलं हो त्याचं?" त्याचं म्हणजे शरीराचं. तो म्हणाला, झोप आता. पुढं तो आजार फुफ्फुसात उतरला, आणि शेवटपर्यंत ती स्वतःच्या हातांकडे अशी बघायची, जणू ते तिच्यावर रुसलेत आणि का ते सांगत नाहीत.

रुसले नव्हते गं. आवरणारं कमी पडलं. एवढंच होतं ते... हे आता कळलं, आणि आता कुणाला सांगू?

कुंपणाच्या आत शिरताच भुंकणं सुरू झालं. त्यानं जाड बाही चढवली. आज तांबड्याची पाळी, नवीन, तरणाबांड कुत्रा. धरण्यात एक नंबर. हवेत झेपावून बाहीला लटकला की डोळे पांढरे होतात त्याचे.

"सोड," तो म्हणाला. तांबड्यानं सोडलं नाही. खेचायचं नसतं. खेचलं की जबडा आणखी बसतो, त्याला वाटतं समोरचा जिवंत आहे, लढतोय. हात मेल्यासारखा करायचा आणि उभं राहायचं. तो उभा राहिला. पण आज हात मेल्यासारखा होईना! आतून नुसता थरथरत होता, आणि कुत्र्याला ते बाहीतून कळत होतं, त्याची शेपटी ताठ.

जाळीपलीकडून मिशीवाला बघत होता. दोघं किती वर्षं बरोबर काम करतात याचा हिशेब दोघांनीही सोडला होता.

"काय हो, चावतोय तो आणि तुम्ही हसताय?"

"कोण हसतंय?"

"आरसा आणू? पगार वाढला की लग्न ठरलं?"

"तुझ्या सासूशी ठरलंय. तुला बोलावणार नाही."

"बोलावू नका, पण तिला न्या लवकर!"

सांगावं असं वाटलं. ओठांपर्यंत आलं – अरे, पोरीनं झाकण लावलं. पण मिशीवाला म्हणणार, बरं मग? आणि तेही खरंच. एकदा सोडलं म्हणजे कुत्रा शिकला असं होत नाही, हे नव्या पोरांना कोण सांगतं? मीच सांगतो. एखाद्या वेळी जबडा दुखला म्हणूनही सोडतो. तसंच हे. एक झाकण. मीठपाण्यानंही एखादी सकाळ बरी जात असेल. त्यानं स्वतःला हे दरडावून सांगितलं आणि छातीतलं ते काही ऐकेना, उलट आणखी उड्या मारायला लागलं.

हात कसाबसा शांत झाला. बऱ्याच वेळानं तांबड्यानं बाही सोडली, आणि आपण हे काय केलं अशा नजरेनं वर पाहिलं. "शाब्बास," तो म्हणाला, आणि त्याच्या मानेवर थोपटलं.

परतताना त्यानं लांबचा रस्ता धरला, मुलीच्या दुकानावरून. शिवणकामाचं दुकान. ती तिथं कापड बेतायची आणि कापायची, हातभर लांब कात्रीनं, एका दमात. गेल्या वर्षापासून तिला बटणं आणि दोऱ्याच्या काउंटरवर बसवलं होतं. काचेतून त्याला ती दिसली. काउंटरवर नव्हती. कापायच्या टेबलाशी उभी होती, पाठमोरी. टेबलावर निळं कापड पसरलेलं. शेजारी दुसरी एक मुलगी. कात्री कुणाच्या हातात... तिचा खांदा हलला, आणि तो काचेपासून बाजूला झाला. पाहायचं नव्हतं असं नाही. पण हातात कात्री नसली तर? दिवसभर जे छातीशी धरून आणलं ते इथं फुटपाथवर सांडायचं? तो चालायला लागला. पुढच्या चौकात जाऊन बाकावर बराच वेळ बसून राहिला, उगाच.

तो घरी पोचला तेव्हा ती आलेली होती. ओट्याशी उभी. मागं न वळताच म्हणाली, "उघडलं का सकाळी?"

"काय?"

"बरणी, बाबा."

"उघडली. जोर लावावा लागला."

ती वळली. लहानपणी दारामागं लपायची आणि सापडायच्या आधीच हसायची, तसा चेहरा. "किती दिवस झाले, मी रोज नीट लावतेय. आणि सकाळी बघावं तर सैल! मला वाटलं आटे झिजले. मग एकदा तुम्हाला पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले आणि हात आपले फिरतायत."

त्यानं डबा ओट्यावर ठेवला.

"म्हणून काल तुम्ही झोपल्यावर उठले आणि आवळलं. दोन्ही हातांनी. म्हटलं बघू."

"दुखलं?"

"दुखलं. पण वेगळं दुखलं. काम करून दुखतं ना, तसं." मग ती बोटांकडे बघत म्हणाली, "आता मीठपाणी असेल तर असेल. मनाचे खेळही असतील."

"आणि कात्री?"

"ते आज नका विचारू."

ती रोज सांगत होती, आणि मी रोज रात्री जाऊन ते पुसून टाकत होतो. ती बंद करायची, मी उघडायचो. कुणासाठी? जी मागत नव्हती तिच्यासाठी, जी आता नाही तिच्यासाठी... या हाताला पुरे म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

"चहा झाला. लावा ते झाकण," मुलगी म्हणाली. "नीट लावा."

त्यानं झाकण बरणीवर ठेवलं आणि फिरवलं. आटे बसत गेले, शेवटी घट्ट झालं. तिथं हात थांबला. थांबला, पण सुटला नाही. मनगट उलटं वळायला टेकलेलं, पाव फेऱ्यासाठी, आणि मुलगी कपात चहा ओतत होती, तिचं लक्ष तिकडं नव्हतंच. सोड, त्यानं मनात म्हटलं. ओरडून नाही, जसं तांबड्याला म्हणतात तसं, एकदाच. हात अजून झाकणावरच होता. आणि छातीत ते सकाळपासूनचं धावत होतं, नव्या कुत्र्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला की आत काहीतरी धावत असतं तसं, अजून काहीही न शिकलेलं, ऐकेल की नाही याचा भरवसा नसलेलं, आणि केवढं जिवंत.