गाळलेला ळ

...आणि त्या बारीक भोकातून ऊन तळहातावर पडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. पत्ता कलता केला की दाणा सरकायचा. जाड, पिवळट पंचकार्ड, जुन्या संगणकाला भोकांतून अक्षर सांगणारं. वरच्या कडेला टपोरा ळ, त्रिशलाबाईंनी एकोणिसाव्या वर्षी काढलेला.

“आज्जी, पदर आत घे की. दार लागंना झालंय.”

नातीनं, दिव्यानं, गाडी निपाणीबाहेर काढली. आज बेळगावच्या एका कॉलेजात राजमती आक्काच्या नावानं संगणक-कक्ष उघडणार होता. मराठी आणि कन्नड एकाच यंत्रावर नांदवणारी बाई, जाऊन दोन वर्षं झाली. धाकट्या बहिणीनं, त्रिशलाबाईंनी, तिथं दोन शब्द बोलायचे. दोनच — पण कुठले? त्या मे महिन्याचं सांगायचं, की पन्नास वर्षं गिळलं तसंच आजही गिळायचं?

आक्का बंगळूरहून सुटीला पत्त्यांचे दोन गठ्ठे घेऊन आली होती, एक मराठीचा, एक कन्नडचा. भोकं तिनं पाडलेली. धाकटीनं वर अक्षर लिहायचं नि क्रम लावायचा. क्ष-ज्ञ जोडाक्षरं म्हणून वगळलेली, तेव्हा दोन्हीकडे ह नंतर शेवटचा ळच. वळण वेगळं, पण तोंडात तोच... घरात कन्नड, शाळेत मराठी, जिभेला कुठं फरक कळत होता? एकच तर अक्षर, दोनदा कशाला? म्हणून शेवटाकडून सुरुवात करत मराठीतला ळ काढून डब्यात टाकला. पुढच्या पत्त्याला हात घालणार, तोच दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून आईची हाक आली — नाहीतर या शहाणीनं अख्खी मराठीच डब्यात घातली असती! जेवणानंतर मात्र सगळं साफ विसरली.

मग बंगळूरला, प्रात्यक्षिकाच्या दिवशी, भरल्या सभागृहात यंत्रानं गावांची यादी छापली, आणि येळ्ळूरच्या पोटात नुसती मोकळी जागा. लोक खो खो हसले. आक्कानं चूक स्वतःच्या अंगावर घेतली. घरी येऊन धाकटीकडून सगळं ऐकलं, डब्यातला पत्ता हातात घेऊन बराच वेळ बसली. “दोनदा कशाला, व्हय गं?” एवढंच म्हणाली. धाकटी रडत होती. तिला वाटलं, आक्का टोमणा मारतेय.

“आज्जी, आक्काआज्जी भाषणात म्हणायची न्हाय का, ‘माझी पद्धत मला घरात सापडली’? म्हंजे काय गं? पोरं इचारणार बघ.”

“लई जुनं झालं ते.”

घरात सापडली... दोन्ही भाषांतला सारखा आवाज एकदाच साठवायचा, लिपी मागाहून द्यायची. हीच ती पद्धत, जिच्यासाठी आज पाटी लागणार होती. एकदाच. दोनदा कशाला — अगं, पण हे तर माझंच... त्रिशलाबाईंनी पत्ता घट्ट धरला. इतकी वर्षं शरमेनं मान खाली घातली, आक्कानं आपली चूक झाकली म्हणून मनोमन तिच्या पाया पडत आले. माझी चूक झाकली तिनं... की मलाच गाळलं?

बेळगावात, खडेबाजारच्या गर्दीत गाडी थांबली. दिव्या हॉर्न वाजवत होती, घड्याळ बघत होती.

“आज्जी, काय बोलायचं ते ठरलं न्हवं?”

“ठरलं हुतं,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

आक्काचा राग आला होता. जन्मात पहिल्यांदा. आणि लहानपणी बाजारात तिचा हात धरायच्या, तसा तो राग त्यांना सोडवेना.