दोन बारीक भोकं

"जखम आहे ना? मग दाखवा की," डेपोचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले.

ड्रायव्हर दाराकडे बघत उभा राहिला. माकडहाडापाशी केस आत रुतून त्याला नासूर झाला होता. सतरा वर्षं सीटवर बसून काढल्यावर दुसरं काय होणार? दोनदा ऑपरेशन झालं, दोनदा तो उलटला. दोन्ही वेळा मुठीएवढी उघडी जखम, आणि बायको रोज तीत गॉज भरायची. आठ दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा, या खेपेस दुर्बिणीतून. त्याच संध्याकाळी तो चालत घरी आला. डॉक्टरांनी मात्र आज तपासून बजावलं होतं, "बाहेरून बारीक दिसतंय, आत लांबवर कच्चं आहे. अजून दोन आठवडे स्टिअरिंग नको. परत उलटलं तर ड्रायव्हरकी विसरा."

तेवढे दोन आठवडे त्याला गेटवर उभ्याचं काम हवं होतं, बस्स.

"साहेब, डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी मागच्या वेळीही होती."

होती खरी. मागच्या वेळी जखम भरली तरी त्याने महिनाभर रजा ताणली, घराचं छप्पर घातलं आणि कँटीनमध्ये ते टाळ्या देत सांगितलं. कुठून ही अवदसा आठवली होती कोण जाणे!

त्याने पट्टा सोडला आणि पाठ फिरवली. शेजारी बसलेला कारकून टेबलावरून वाकला.

"एवढंच? साहेब, डास चावला तरी याहून मोठं होतं!"

साहेब खो खो हसले. ड्रायव्हरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन बारीक भोकं ती! जखम मोठी असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

"उद्या साडेसहाची गाडी तुमची," साहेब म्हणाले.

चार दिवस तो एका कुल्ल्यावर कलून गाडी हाकत राहिला. पाचव्या दुपारी घरी आला तेव्हा बायकोने मागून शर्ट वर केला आणि तशीच थांबली.

"ओलं आहे का गं?"

ती कपाटातून गॉजचा जुना डबा काढून हात धुवायला गेली.

"तो टाकून दे म्हटलं होतं ना तुला?"

"म्हणाला होतात," ती आतूनच म्हणाली.

त्याने खाकी शर्ट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि उशी पोटाखाली ओढून पालथा पडला.