शेवट मी बदलले

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी दोनच माणसं, दादा आणि मी. दादा म्हणजे माझे वडील, प्रेमानंद मास्तर. ते तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या तोंडून मराठीत येतो. यंदाच्या जानेवारीत सोलापूरच्या दवाखान्यातून आईचा रिपोर्ट आला, तोही तसाच आला.

रिपोर्टात पित्ताशयाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी चार-पाच महिने सांगितले. माझा भाऊ राजपाल त्यासाठी पुण्याहून आला होता. त्यानं दवाखान्याच्या जिन्यातच निकाल लावून टाकला. "क्षमाताई, आईला सांगायचं नाही. माणूस निम्मा ऐकूनच मरतो." आईला संशय नको म्हणूनच आम्ही जवळचं बार्शी सोडून सोलापूर गाठलं होतं. बार्शीला कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, त्यामुळं आमच्याकडे बार्शीला नेलं म्हटलं की पुढं कुणी आजाराचं नाव विचारत नाही. दुसऱ्या दिवशी राजपाल पुण्याला गेला. पुण्यात बसून खोटं ठरवणं सोपं असतं. इथं धाराशिवकडच्या आमच्या वाशीत बसून ते रोज तीन वेळा गोळ्यांबरोबर द्यायचं काम माझ्याकडे आलं.

"काय लिव्हलंय गं त्यात?" आईनं विचारलं.

"पित्ताशयात खडा आहे. सूज उतरली की ऑपरेशन करायचं."

"खडा व्हय," ती म्हणाली. थोडा वेळ तिनं कागदाकडं बघितलं. "मंग सूज उतरायच्या आत मला एकदा येडशीला ने."

येडशीला गिरिजामावशी राहते, आईची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी राजपालच्या लग्नात आईनं गडबडीत मावशीला आहेराची साडी दिली, ती शेजारणींसाठी आणलेल्या गठ्ठ्यातली. मावशीनं साडी खुर्चीवर ठेवली, जेवली नाही, एसटीत बसून निघून गेली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. दादांच्या अंत्यविधीलाही मावशी शेवटच्या रांगेत उभी राहून परत गेली. दोघींचाही पीळ असा की सुंभ जळेल पण तो जळणार नाही.

"बरी झालीस की जाऊ," मी म्हणाले. आता अचानक येडशीला नेलं, तर मावशी विचारणार, आजच का आलात? मावशीला सांगितलं की ती रडणार, आणि रडली की आईला कळणार. म्हणून मावशीलाही कळवायचं नाही, असं राजपालनं फोनवर बजावलं. मी हो म्हणाले. माझं डोकं तेव्हा कुठं गेलं होतं, हे मला आजही कळत नाही.

दुपार काढायची कशी, हा प्रश्न होता. टीव्हीच्या आवाजानं आईला मळमळायचं. दादांच्या कपाटात रशियन गोष्टींचं एक इंग्रजी पुस्तक होतं. तरुणपणी धाराशिवला पुस्तकांची गाडी आली होती, तिच्यावरून त्यांनी घेतलेलं, मॉस्कोत छापलेलं. मी कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवते, म्हणजे व्याकरण आणि पत्रलेखन शिकवते. हे पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. आता आईच्या उशाशी बसून मी ते इंग्रजीत वाचायची आणि वाक्यावाक्यानं मराठीत सांगायची.

मजा यायची, नाही असं नाही. बाहेर पत्रे तापलेले आणि पुस्तकात गुडघाभर बर्फ. एकेका माणसाला तीन-तीन नावं, त्यामुळं आई प्रत्येकाला धंद्यावरून हाक मारायची. पोस्टवाला, पाद्री, नावाडी. समोवार म्हणजे काय, ते मी समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, "चहाचा बंब म्हण की सरळ."

अडचण एकच होती. त्या लेखकांना माणूस जगवणं जमत नाही. पहिल्या पानावर कुणी खोकलं की दहाव्या पानावर त्याला पुरलंच म्हणून समजा. पहिलीच गोष्ट नावाड्याची होती. तो आजारी पडतो, बायको गाय विकून शहरातून डॉक्टर बोलावते, डॉक्टर वाटेत एका जमीनदाराकडं पत्ते खेळत बसतो आणि नावाडी मरतो. शेवटचं पान समोर आलं तेव्हा आई डोळे मिटून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता, पापण्यांच्या कडेलाही दिसत होता. माझ्याच्यानं ते वाचवलं नाही. मी डॉक्टरला वेळेवर पोचवलं. औषध लागू पडलं. बर्फ वितळल्यावर नावाड्यानं पुन्हा नाव पाण्यात घातली, एवढंच काय, मी गायही परत आणून दिली.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता येडशीचं बघ."

"बरी झालीस की, आई."

मग मला चटकच लागली. पोस्टवाल्याची पोरगी तापातून उठली. पाद्रीबाबाचा दमा गेला. तीन महिन्यांत मी अर्धा रशिया बरा केला. प्रत्येक गोष्ट संपली की आई तेच म्हणायची, येडशीला ने. फेब्रुवारीत ती अंगणापर्यंत चालायची. मार्चमध्ये दारापर्यंत. एप्रिलमध्ये तिला भिंतीला टेकवून बसवावं लागायचं. वाशीहून येडशी जीपनं चाळीस मिनिटं आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक संपलं. "आता काय वाचू?" मी विचारलं.

"नावाड्याची वाच," आई म्हणाली. "पर आता लिव्हलीय तशी वाच."

मी पुस्तकाची पहिली पानं उलटत राहिले.

"तुझ्या दादांनी समदी सांगितलीया मला ती गोष्ट. तू होस्टेलला गेलीस तवा घर खायाला उठायचं. म्या शेंगा फोडत बसायची, ते वाचून दाखवायचे. नावाडी मेला व्हता क्षमे. म्या त्या दिशी जेवले न्हवते त्याच्यापायी."

आईला काय कळतंय, हे मी मनात इतकं घट्ट धरून बसले होते. चौथी पास बाई, हिला रशिया कुणी सांगितला असणार? इंग्रजीतलं सगळं माझ्याच हातात आहे असं मला वाटत होतं. माझ्या आईबापांचा संसार माझ्या माघारी काय होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं?"

"व्हय. शेवटाला आलीस आन् कागदाकडं न बघता बोलायला लागलीस. रिपोर्ट वाचतानाबी तसंच केलतंस." तिला धाप लागली. "म्या म्हनलं, पोरगी भ्यायलीय, ऱ्हाऊ दे. नुसतं येडशीला ने म्हनत व्हते. त्याला काय कॅन्सरचं नाव घ्यावं लागत न्हवतं."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, आत्ता जीप सांगते, आत्ता निघू.

"आता नगं." आई पहिल्यांदाच चिडून बोलली. "आता मला चौघांनी उचलून तिच्या दारात ठिवायचं? मला माझ्या पायानं जायचं व्हतं. चूक माझी व्हती. चालत जाऊन म्हनायचं व्हतं, आक्का, चुकलं. ते चार महिने तू घेतलंस."

मी तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि हातही डोक्यावर ठेवला नाही. मग म्हणाली, "बोलव तिला. येती का बघ."

फोन मावशीच्या सुनेनं, गौरीनं उचलला. मी सगळं खरं सांगितलं, आजाराच्या नावासकट. मावशी रानात गेली होती. दिवस मावळल्यावर गौरीचा फोन आला, आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई, सकाळच्या पहिल्या गाडीनं येतायत. मी आईला सांगितलं. तिनं केस विंचरून दे म्हणून खूण केली. मी वेणी घातली. पहाटे कधीतरी तिची शुद्ध गेली. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, नुसता श्वास चालू होता.

मावशी साडेआठला आली. बस स्टँडवरून चालत आली होती, पायांवर धूळ होती. ती पलंगावर आईशेजारी बसली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "मुक्ते," ती म्हणाली. "मुक्ते, म्या आलेय." पुन्हा म्हणाली. पुन्हा. मग तिनं माझ्याकडं मान वळवली.

"किती दिस झालं हे?"

"चार महिने, मावशी."

"समद्यास्नी ठावं व्हतं?"

"हो."

मावशी रडेल असं राजपालला आणि मला वाटलं होतं. ती रडली नाही. आईच्या पिवळ्या हातावरून हात फिरवत राहिली.

"चार महिने म्या घरीच व्हते की गं," ती म्हणाली. "कुठं गेले न्हवते."