गुडघ्याची रेकॉर्ड

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हात नसलेली, सरळ पाठीची, बसायला जरा कडकच. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुर्चीला सांगण्यासारखे काय असणार? कोण बसले आणि कोण उठले, एवढेच ना? तसे असते तर किती बरे झाले असते. मला जे सांगायचे आहे ते आठवले की आजही मेल्याहून मेल्यासारखे होते.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. एका सभागृहाने बारा खुर्च्या मागवल्या होत्या, त्यातली मी बारावी. सुतार कामाला चोख होता. त्याने रंध्याने माझे पाय गुळगुळीत केले, पटाशीने भोके पाडली, एकेका भोकात चिकटवण्यासाठी गरम सरस भरून दांडे बसवले. मागच्या डाव्या पायाचा सांधा तेवढा राहिला होता आणि नेमकी कोणीतरी त्याला बाहेरून हाक मारली. परत आला तेव्हा त्याला वाटले, सगळे सांधे भरून झाले. त्याने तो दांडा तसाच ठोकून बसवला, वरून पॉलिश मारले आणि मला बाकीच्या अकराजणींच्या ओळीत उभे केले.

तो सांधा कोरडा आहे हे फक्त मला ठाऊक होते. दिसायला मी सर्वांत चकचकीत होते, त्यामुळे मीही फारसे मनावर घेतले नाही.

सभागृहात गाण्यावाजवण्याचे रेकॉर्डिंग चाले. तिथला ध्वनिमुद्रक अंगाने काडीसारखा, पण कान असे तिखट की शेजारच्या खोलीत टाचणी पडली तर तो विचारायचा, ‘कोणाची पडली?’ सगळे त्याला कानसेन म्हणत. रेकॉर्डिंगसाठी त्याला अजिबात न वाजणाऱ्या चार खुर्च्या हव्या होत्या. त्याने एकेकीवर बसून पाहिले, पुढे झुकून पाहिले, मागे रेलून पाहिले. कोणी कुरकुरली, कोणी कण्हली. माझी पाळी आली तेव्हा मी अंग चोरले, तो कोरडा सांधा घट्ट आवळून धरला आणि मुळीच आवाज केला नाही.

“ही तर मुकी आहे!” कानसेन खूश होऊन म्हणाला. त्याने मला उलटी करून बैठकीखाली खडूने लिहिले, ‘मुकी’. त्या दिवसापासून तेच माझे नाव झाले. मित्रांनो, मी इतकी फुशारले की विचारू नका. बाकीच्या खुर्च्यांकडे मी बघेनाशी झाले.

पाचसहा वर्षे अशी मानात गेली. मग एका हिवाळ्यात तारवाद्ये वाजवणाऱ्यांची एक चौकडी आली. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोलिनहून जरा मोठी, खालच्या पट्टीतली एक व्हिओला आणि जमिनीवर टेकवून वाजवायचा एक भलामोठा चेलो. चौघांनी गोल बसून मारलेल्या गप्पाच, फक्त शब्दांऐवजी सुरांत. पहिले व्हायोलिन वाजवणारा तरुण या चौकडीचा म्होरक्या होता. दुसरे व्हायोलिन त्याची बायको वाजवायची, आणि चेलोवर एक जाडजूड काका होते. व्हिओला वाजवायच्या मावशी; म्होरक्या त्यांचा भाचा. साठीला आलेल्या, हसऱ्या, आणि डाव्या गुडघ्याने हैराण. बसताना त्या हमखास म्हणायच्या, “थांबा रे, आधी या गुडघ्याची समजूत काढते.”

त्यांना सहा झेक चौकड्यांचे, म्हणजे झेक संगीतकारांनी अशा चौघांसाठी लिहिलेल्या सहा रचनांचे, रेकॉर्डिंग करायचे होते. ही कल्पना मावशींची. तरुणपणी त्या हे संगीत शिकल्या होत्या आणि त्यांच्या स्वरलिपीच्या वह्यांवर तेव्हाच्या पेन्सिलच्या खुणा अजून होत्या. “इतर ठिकाणी व्हिओला म्हणजे लग्नातली करवली,” त्या म्हणायच्या. “या झेक लोकांनी तिला बोलायला लावलंय. त्यांच्यातले काही संगीतकार स्वतःच व्हिओला वाजवायचे ना! एवढ्या सहा रेकॉर्ड झाल्या की मी सुखानं घरी बसेन.” भाचा त्यांना चिडवायचा, “तू आणि घरी? चार दिवसांत भिंतींना व्हिओला शिकवशील.”

मावशींना कानसेनने मला दिले. “मावशी, तुमच्यासाठी आमची खास मुकी,” तो म्हणाला. त्या बसल्या, आणि मी मनातून चरकले. गुडघ्याला आराम पडावा म्हणून मावशी सगळा भार डावीकडे मागे टाकत. नेमका त्या कोरड्या सांध्यावर.

रेकॉर्डिंगच्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ बंद केले होते, पलीकडचा फ्रीज बंद केला होता, चौघांनी हातातली घड्याळे काढून ठेवली होती. लाल दिवा लागला. पहिल्याच चौकडीचा तिसरा, संथ भाग सुरू झाला. त्यात व्हिओला एकटीच बराच वेळ बोलते आणि बाकीचे तिघे तिला हुंकार देतात. मावशी त्या दिवशी जे वाजवून गेल्या, तसे वाजवलेले मी पुन्हा कधी ऐकले नाही. काकांचे डोळे भरून आले होते. शेवटी सगळे थांबतात. दोन मात्रांची शांतता आणि मग एकच हलका सूर.

त्या शांततेत मावशी किंचित मागे रेलल्या आणि मी वाजले. कर्र… टक्.

शेवटचा सूर झाला. लाल दिवा विझला. मग भाचा म्हणाला, “काय वाजलं ते?”

कानसेन काचेमागच्या खोलीतून बाहेर आला. “व्हिओलाच्या बाजूनं आलं. मावशी, जरा उठता का?” तो माझ्यावर बसला. हलला, डुलला, मागे रेलला. मित्रांनो, तेव्हा एकदा वाजले असते तर सगळे तिथेच मिटले असते. दुसरी खुर्ची आली असती, एवढेच. पण मी मुकी होते ना! माझ्या नावाला बट्टा लागला असता. मी सांधा आवळला आणि मूग गिळून बसले. काडीसारख्या माणसाचा भार पेलणे काही कठीण नव्हते.

“खुर्ची नाही,” कानसेनने निकाल दिला. “हिची मला खात्री आहे.”

सगळ्यांची नजर मावशींच्या गुडघ्याकडे गेली. मावशींचीही. “माझाच असेल,” त्या हळूच म्हणाल्या. “मेला सकाळपासून दुखतोय.”

तो भाग त्यांनी आणखी तीनदा वाजवला. त्या तिन्ही वेळी मी श्वास रोखून धरला होता आणि तिन्ही वेळी मावशी गुडघ्याच्या धाकाने ताठ बसल्या होत्या. सूर बरोबर होते, पण पहिल्या वेळचे ते काहीतरी परत आलेच नाही. कानसेनने टेप कापून दुसरी शांतता जोडून पाहिली, तर सभागृहात घुमणारा सूर मध्येच तुटल्यासारखा वाटे. शेवटी पहिल्या वेळचेच वादन ठेवले, माझ्या आवाजासकट.

चार दिवसांनी भाचा मावशींना घेऊन सभागृहात आला. बाकी कोणी नव्हते. “मावशी, अजून पाच चौकड्या आहेत,” तो म्हणाला. “प्रत्येक शांततेला आपण चौघंही तुझ्या गुडघ्याकडेच बघत बसणार. असं नाही वाजवता येत गं.”

“कोणाला घेतोस?” मावशींनी विचारले.

“अजून ठरलं नाही.”

“माझ्या वह्या ने. पेन्सिलच्या खुणा खोडू नकोस म्हणजे झालं.” एवढे बोलून मावशींनी माझ्या पाठीवर टांगलेली शाल काढली आणि त्या गेल्या. मी त्यांच्या मागे ओरडायला हवे होते. मी साधी कुरकुरलेही नाही.

रेकॉर्ड निघाली, नावाजली गेली. पण एका वर्तमानपत्रात कोणीतरी चेष्टेने लिहिले की संथ भागाच्या शेवटी वादकाचे हाडही सुरात वाजले आहे. मग काय, लोकांच्या तोंडी तिचे नावच पडले, ‘गुडघ्याची रेकॉर्ड’. उरलेल्या पाच चौकड्यांत व्हिओला एका नव्या वादकाने वाजवली. तोही माझ्यावरच बसला. हलका होता. मी वाजले नाही आणि माझी पुन्हा वाहवा झाली. त्या वाहवेने माझे लाकूड आतून पोखरले जात होते.

पुढे सभागृहात गादीच्या लोखंडी खुर्च्या आल्या. माझ्या अकरा बहिणी भंगारात गेल्या. “मुकीला मी नेतो,” असे म्हणून कानसेनने मला आपल्या कामाच्या खोलीत नेले. माझा खोटेपणा त्याच्या प्रेमाने जपला जात होता, हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होते!

त्या रेकॉर्डिंगला अठरा वर्षे झाली तेव्हा जुन्या टेपांच्या नव्या प्रती काढायचे ठरले. एका दुपारी कानसेनने मोठ्या स्पीकरवर तो संथ भाग लावला. मावशींची व्हिओला खोलीत बोलू लागली. मग ती शांतता आली आणि तिच्यात मी. कर्र… टक्. “अरेरे, मावशी,” कानसेन पुटपुटला. आता संगणकावर आवाज पुसता येतात, म्हणून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिला. दर वेळी माझा आवाज, आणि दर वेळी मावशींचे नाव. किती ऐकणार? एक बटण फिरवायला तो डावीकडे मागे झुकला तेव्हा मी तो सांधा सोडून दिला.

कर्र… टक्.

कानसेनचा हात हवेतच राहिला. टेप तर थांबलेली होती. तो पुन्हा झुकला. मी पुन्हा वाजले. त्याने मला उलटी केली, दांडा हाताने ओढला, आणि तो अलगद बाहेर आला. टोकाला सरसाचा डाग नव्हता. शेजारी पुसट झालेला खडू होता, ‘मुकी’. कानसेन जमिनीवरच बसला आणि त्याने डोक्याला हात लावला.

त्याच संध्याकाळी त्याने दांडा तसाच खोचून मला मावशींच्या घरी नेले. मावशी आता काठी घेऊन चालत होत्या. “मावशी, काही विचारू नका. आधी हिच्यावर बसा,” तो म्हणाला. त्या बसल्या, सवयीने डावीकडे रेलल्या, आणि मी वाजले.

मावशी उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा ऐकले.

“म्हणजे माझा गुडघा नव्हता?”

“नव्हता. मी तिला तपासली, पण तुमच्यासारखा बसलो नाही. खात्री आहे म्हणालो. माझं चुकलं, मावशी.”

“तू कसा बसणार माझ्यासारखा? वाऱ्यानं उडशील असा तू,” मावशी हसल्या आणि हसताहसताच रडू लागल्या. “अठरा वर्षं मी कोणाच्या मैफलीला गेले नाही रे. जरा शांत झालं की आधी गुडघा घट्ट धरायचा. भीतीच बसली होती.”

दुसऱ्या दिवशी भाचा आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. तो मावशींच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “चल, आपण परत वाजवू. तू म्हणशील ती चौकडी.” मावशींनी आपले हात त्याच्यापुढे धरले. बोटे पेरापेरांत सुजून वाकडी झाली होती. “आता यांची समजूत निघत नाही,” त्या म्हणाल्या. भाच्याने ते हात बराच वेळ सोडले नाहीत.

कानसेनने आवाज पुसू का असे विचारले, तर मावशींनी साफ नकार दिला. “राहू दे तो. फक्त कोण वाजलं ते खरं खरं लिही.” नव्या प्रतीवर आता छापलेले आहे: ‘तिसऱ्या भागाच्या अखेरीस ऐकू येणारा आवाज खुर्चीचा आहे. तो न ओळखल्याची चूक ध्वनिमुद्रकाची.’ माझी चूक त्याने स्वतःच्या नावावर घेतली, हेही मला मुकाट्याने ऐकावे लागले.

मित्रांनो, घरातल्या खुर्च्याटेबलांचे सांधे अधूनमधून हलवून बघा. जिच्याबद्दल तुमची खात्री असेल तिचे तर आधी बघा. आणि तुमच्या गप्प बसण्याने दुसऱ्यावर ठपका येत असेल, तर त्याच क्षणी वाजा. लोक नावे ठेवतील, ठेवू देत. अठरा वर्षांनी वाजून मी कोणाची बोटे सरळ करू शकले नाही.

मी आता मावशींच्या खिडकीपाशी असते. कानसेन सरस घेऊन आला होता, पण मावशींनी तो सांधा भरू दिला नाही. रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन माझ्यावर बसतात, डावीकडे रेलतात, आणि मी लाजेने का होईना, पण वाजते. मावशी माझ्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, “हं, ऐकलं गं.”