गळाचं घुंगरू

"वाजलं!" दुर्गाबाई म्हणाल्या.

"वारा आहे तो," नत्थुजी खुर्चीतूनच म्हणाले. "मासा असा नाई वाजवत. मासा आधी इचारते, मंग ओढते."

अंगणातल्या बाजेला गळाची काठी आडवी बांधली होती. तिच्या शेंड्याला लेकीच्या, चंदाच्या, लहानपणच्या पैंजणांची घुंगरं लटकत होती, आणि दोरी पार तुळशीपर्यंत ताणली होती. दुर्गाबाई तिथं वाकून, मध्येच दोरी ओढून, मासा झाल्या होत्या. पण जुन्या शहरातल्या त्या बोळात सकाळपासून वारा सुटला होता. दोरीला हात लागो न लागो, घुंगरं आपली छुमछुमतच होती.

"सोडून दे वं," नत्थुजी म्हणाले. "कायले जीव काढून राहिली?"

दुर्गाबाई कंबर धरून उठल्या आणि घुंगरं सोडायला लागल्या.

नत्थुजींचा जन्म विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. अकोटपासून पातूरपर्यंत कुणाची मोटार जळली की माणूस यांना शोधत यायचा. मग काचबिंदूनं गाठलं. नजर कडेकडेनं आकसत गेली, आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. तेही त्यांनी कुरकुर न करता घेतलं. भिंतीला हात लावून न्हाणीपर्यंत जायला शिकले, चहाचा कप आवाजावरून ओळखायला शिकले. पण एका दुपारी एकाएकी म्हणाले, "माह्या गळाची काठी बुधाजीले देऊन टाक."

"काहून?"

"कांडीच दिसत नाई तं गळ टाकून काय करू? मासा खाऊन जाईन अन् मी बसून राईन दगडावानी."

"देते," असं म्हणून दुर्गाबाईंनी काठी कपाटामागे सरकवली. दिली मात्र नाही. त्या दिवशी मशीनवर ब्लाउज शिवताना त्यांची शिवण सारखी वाकडी जात होती.

खरं म्हणजे या मासेमारीवर त्यांनी संसारभर राग धरला होता. रविवार आला की हा माणूस तलावावर. उंबऱ्यात बसून ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गर कोरायचा, त्याची पाण्यावर तरंगणारी बोटभर कांडी करायची, गळाच्या दोरीला बांधायची. कांडी लांबून दिसावी म्हणून टोक लाल रंगवायचं. लग्नात मामीनं दिलेली नखपॉलिशची बाटली त्या टोकांवरच संपली होती. दुर्गाबाईंच्या नखांना तिचा एक थेंबही लागला नव्हता. त्या बाटलीवरून त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

अबोला मोडायला म्हणून नत्थुजी त्यांना कापशीच्या तलावावर घेऊन गेले होते. सायकलवर, पुढच्या दांडीवर बसवून. सोबत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बाभळीखाली बसवून म्हणाले होते, "माह्या तोंडाकडे नको पाहू. कांडीकडे पाह्य. हालली तं मासा तोंड लावून राहिला. बुडली तं मले सांगजो."

मग दोघं त्या लाल ठिपक्याकडे बघत बसले. एकमेकांकडे बघायचं नव्हतं, म्हणून असेल, बोलणं सुटत गेलं. त्यांची आई कशी गेली, ते शाळेतून का पळाले, पहिल्यांदा विहिरीत उतरताना पाय कसे लटपटले, हे सगळं नत्थुजींनी पाण्याकडे बघत सांगितलं. घरात, समोरासमोर, त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं. कांडी केव्हा बुडाली ते दोघांनाही कळलं नाही. मासा आमिष खाऊन गेला होता. नत्थुजी रागावतील असं दुर्गाबाईंना वाटलं, तर ते हसत सुटले होते.

आज घुंगरं सोडून त्या मशीनवर येऊन बसल्या, आणि ते हसणं घरात ऐकू येऊन किती काळ लोटला, याचा विचार करतच त्यांनी मशीनची बॉबिन बदलायला काढली. वाटोळी, पोलादी, मधोमध भोक. हातात घेतली आणि तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून चाकाची एक जुनी तार मागून आल्या. तार जमिनीत उभी खोचली. तिच्यात बॉबिन ओवली, ती सुळकन खाली बसली. बॉबिनला केसांची पिन बांधली आणि पिनेत काठीवरून येणारी गळाची सैल दोरी अडकवली. दोरी ओढली की बॉबिन तारेवरून वर चढत होती, आणि तार मधोमध असल्यामुळे वाऱ्यानं इकडेतिकडे हलत नव्हती. राहिला आवाज. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतात तसलं पितळेचं जड घुंगरू त्यांनी बाजारातून आणलं आणि तारेच्या वरच्या टोकाला पक्कं बांधलं. वाऱ्याला ते दाद देत नव्हतं. बॉबिन खालून धडकली की मात्र ठण्ण वाजायचं.

"हे काय केलं?" आवाज ऐकून नत्थुजी खुर्चीतून उठले. हात पुढे करत आले, बसले, आणि तारेवरून बोटं फिरवायला लागले. बॉबिन वर नेली, सोडली. परत वर नेली. पिन चाचपली. किती दिवसांनी त्या बोटांना काही काम मिळालं होतं.

"तार खरबडी आहे," ते म्हणाले. "मासा हलका असला तं अडकते हे. कानस आण माही. अन् मशीनचं तेल."

संध्याकाळपर्यंत ते तार घासत बसले. दुर्गाबाईंनी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "थांब न वं!" त्या वेलदोडा घालून चहा करायला आत गेल्या, आणि उगाचच बराच वेळ आत राहिल्या.

तलावावर जायचं ठरल्याचं कळताच चंदाचा अमरावतीहून फोन आला. "आई, बाबाले पाण्याजवळ कायले नेतं? पाय घसरला तं?"

"मी आहे न सोबत."

"अन् तू घसरली तं?"

"तं ते धरतीन मले," दुर्गाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कापशीच्या तलावावर बुधाजी आणि नेहमीची मंडळी आधीच बसली होती. नत्थुजींना रिक्षातून उतरताना पाहून बुधाजी उठून आले. दोघे कितीतरी वर्षं शेजारी शेजारी गळ टाकत आले होते. "आला का गड्या!" ते म्हणाले. मग आपली सावलीची जागा त्यांनी रिकामी करून दिली.

नत्थुजींनी कणकेचं आमिष स्वतः लावलं, गळ स्वतः फेकला. पडल्याच्या आवाजावरून म्हणाले, "जरा डावीकडे गेला. राहू दे." दुर्गाबाईंनी चिखलात तार खोचली, दोरी पिनेत अडकवली आणि बाजूला बसल्या. वारा होता. घुंगरू गप्प होतं.

ऊन चढलं. बुधाजी कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होते. एवढ्यात बारीक टिण् झालं. नत्थुजींनी बोट वर केलं. सगळे थांबले. पुन्हा टिण्. आणि मग बॉबिन सरसरत वर गेली, घुंगरू दणक्यात वाजलं.

बुधाजी झेपावले. काठी धरणार, तोच दुर्गाबाई आडव्या आल्या.

"हात नोका लावू, भाऊजी. त्याईचा मासा आहे तो."

नत्थुजींच्या हातात काठी आली होती. ती कमानीसारखी वाकली. ते उभे राहिले, पाय चिखलात रोवले. दोरी सोडत होते, घेत होते, ओठातल्या ओठात माशाशी बोलत होते. दुर्गाबाईंनी मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं, त्यांना कळणार नाही इतकं हलकं. पाणी फुटलं, पाठ दिसली, शेपटी आपटली. कुठल्यातरी दगडावर दोरी घासली आणि तटकन तुटली.

 नत्थुजी हलकी झालेली काठी धरून उभे होते.

"गेला," ते म्हणाले. आणि हसायला लागले. आधी थोडं, मग खांदे हलवून. बुधाजीही हसले, डोळे पुसत.

"तू पायला का वं? कसा होता?"

"पाठ काळी होती. अन् परांवर लाली होती, कुंकवासारखी."

"रोहू," नत्थुजी समाधानानं म्हणाले. "म्हातारा रोहू."

परतीच्या रिक्षात रिकामी पिशवी बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "काहो काका, भेटलं का काई?"

"भेटला न बापा! रोहू होता. परं लाल, कुंकवासारखे. दोरी तोडून गेला."

"मोठा होता का?"

नत्थुजींनी दोन्ही हात उचलले आणि मासा दाखवायला लागले. उजवा हात रिक्षाच्या दांड्याला लागला, तिथं थांबला. डावा अजून पसरत होता. दुर्गाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, पदर सावरला, आणि पार कडेला सरकून बसल्या.