नाव आठवलं नाही तेव्हा

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा माझ्या बायकोने, विशालाक्षीने, नोकरी सोडली. ते गेले आणि ती पुन्हा मुलाखती द्यायला लागली, तोवर आठ वर्षं उलटली होती. बंगळूरच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ वर्षं म्हणजे काय, हे मल्लेश्वरमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरालाही कळतं.

दोन कंपन्यांनी नकार दिला. कोट्यवधी लोक वापरतील अशी यंत्रणा कशी उभारायची, असं तिथे विचारायचे. तिला अल्गोरिदमची नावं तोंडपाठ होती, पण "हाच का?" म्हटलं की ती अडखळायची. रोज संध्याकाळी मी तिची प्रश्नोत्तरांची कार्डं हातात धरून तिची परीक्षा घ्यायचो. उत्तरं मलाही पाठ झाली, अर्थ मात्र एकाचाही कळला नाही.

तिसरी मुलाखत सकाळी दहाला होती, घरूनच. ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. शिट्टी नको म्हणून मी कुकर लावला नाही, आवाज न करता रव्याचं उप्पिट्टू ढवळत राहिलो.

पडद्यावरच्या निरूप नावाच्या तरुणाने विचारलं, "मॅडम, नवा माणूस खातं उघडताना स्वतःसाठी नाव निवडतोय. आधीची काही कोटी नावं आहेत. ते घेतलेलं आहे की नाही, चटकन कसं सांगाल?"

विशालाक्षीने पेन उचललं, परत ठेवलं. मला ते कार्ड ओळखू आलं. 'ब्लूम फिल्टर'! मी धावत जाऊन कार्ड काढलं आणि दारातून उंच धरलं. तिने मान वर केली, माझा हात पाहिला आणि अक्षरं वाचायच्या आत नजर वळवली. हाताने मला हाकललं, माशी हाकलावी तसं.

"नाव आठवत नाही," ती त्याला म्हणाली, "पण कसं चालतं ते सांगते. शून्यांची एक लांब रांग घ्यायची. प्रत्येक नावावर तीन वेगवेगळी गणितं करायची, आणि येतील त्या तीन जागी शून्याऐवजी एक लिहायचा. नव्या नावाच्या तीन जागांपैकी एकीवर जरी शून्य असेल, तरी ते नक्की मोकळं. तिन्हीकडे एक असेल, तर 'कदाचित घेतलेलं'. तेवढ्यासाठीच खऱ्या यादीत बघायचं."

"आणि कुणी खातं बंद केलं तर?"

"त्या तीन जागी परत शून्य..." ती थांबली. "नाही, चुकलं माझं. त्याच जागा दुसऱ्या नावाच्याही असतील. मग घेतलेलं नाव मी मोकळं म्हणून सांगेन. एकाऐवजी तिथे किती नावं पडली ते मोजायला हवं. जागा जास्त लागेल, पण खोटं सांगणार नाही."

निरूप हसला. "हे 'चुकलं' ऐकायला किती दिवस बसलोय हो. सगळे पाठ करून येतात."

लॅपटॉप मिटल्यावर ती माझ्यावर उखडली. "अहो, मास्तर ना तुम्ही? कॉपी पुरवता?"

"अगं, जीव वरखाली होत होता माझा!"

"माझा नव्हता का?"

तिसऱ्या दिवशी आम्ही फुलं घेत असताना फोन आला. ती "हो, हो" म्हणत ऐकत राहिली आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली. "घेतलं मला," म्हणाली. फुलवालीने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी येऊन ती जी झोपली, ती दिवेलागणीलाच उठली. ती झोपल्यावर मी दार ओढून घेतलं होतं आणि माझ्या वडिलांसाठी गेलेली तिची आठ वर्षं मोजत बाहेर बसलो होतो.