अबोल्याच्या दिवसांतला बर्फ

दार सताड उघडं ठेवून ऐकू नका, आतला गारवा जातो. फट ठेवलीत तरी माझा आवाज पोहोचेल. मी आइसमेकर बोलतोय. फ्रीजच्या वरच्या, कडक थंडीच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्याला मला स्क्रूने बसवलंय. लोकांना फ्रीज माहीत असतो आणि बर्फ माहीत असतो. या दोघांच्या मधे मी असतो, हे मी बंद पडल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. एका बाईने मला उचलून उजेडाकडे धरलं, माझी तारेची दांडी वर-खाली करून पाहिली आणि मान डोलावून पुढे सरकवलं. एवढंच काय ते माझं बारसं.

काम सोपं आहे. स्वयंपाकघरातल्या नळापासून निघालेली एक बारीक नळी फ्रीजच्या पाठीवरून वर चढते आणि माझ्या साच्यात पाणी सोडते. ते मी गोठवतो. गोठलं की माझ्या बुडाला जराशी ऊब मिळते, खडे सुटतात आणि माझा हात ते खालच्या डब्यात लोटतो. डबा भरला की बर्फाने ती दांडी उचलली जाते आणि मी थांबतो. रिकामा झाला की दांडी खाली येते, मी पुन्हा कामाला लागतो. पुरे कधी म्हणायचं ते मला दांडी सांगते. माणसांना अशी दांडी बसवलेली नाही. निदान बोलण्याच्या बाबतीत तरी नाही.

मला विकत घेतलं दोघी बहिणींनी. थोरली टेलिफोनच्या कचेरीत होती; जन्मभर परक्या माणसांचे फोन एकमेकांना जोडून देऊन निवृत्त झालेली. धाकटीचं शिवणकामाचं दुकान होतं. सुईत दोरा ओवताना डोळे दगा द्यायला लागले तेव्हा तिने दुकान बंद केलं आणि बाडबिस्तरा उचलून थोरलीकडे राहायला आली. येताना शिवणयंत्र आणलं आणि बर्फ चावून खायची सवय आणली. थोरलीला त्या कडकड आवाजाने शहारे यायचे. तरीही दुकानात फ्रीज निवडताना तीच म्हणाली होती, की आपोआप बर्फ होणारा द्या, आमच्या बारकीला लागतो. बारकीचं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेलं.

आमचं बरं चाललं होतं. मग थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

ती घरी आली ती वॉकर घेऊन आणि तोंडाला धार लावून. दुखत होतं, झोप नव्हती, आणि दुसऱ्यावर अवलंबून राहायची तिला सवय नव्हती. डॉक्टरांनी गुडघा बर्फाने शेकायला सांगितला होता. धाकटी दिवसातून कितीदा तरी माझा डबा ओढायची, खडे टॉवेलात बांधायची. मला तर धन्य वाटत होतं. सरबतासाठी बर्फ देणं वेगळं आणि दुखण्यासाठी देणं वेगळं.

एका सकाळी व्यायामावरून दोघींची जुंपली. पाय वाकव, असं धाकटी सांगत होती. थोरली ऐकेना. धाकटीने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "घर माझं आहे. इथे तू राहतेस माझ्याकडे, मी तुझ्याकडे नाही. मला शिकवू नकोस."

धाकटीने खड्यांचा टॉवेल तिच्या गुडघ्यावर नीट बसवला आणि उठली.

धाकटी काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, बर्फाची पिशवी वेळेवर. शब्द मात्र एक नाही. थोरलीही हट्टी. चुकलं हे तिला कळत होतं, पण माफी मागायची म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं. मग दोघी भिंतीशी बोलायला लागल्या. "कुणीतरी पंखा लावला तर बरं होईल," असं थोरली छताला सांगायची. पंखा लागायचा.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर एक गोल लाकडी टेबल होतं. थोरलीने तरुणपणी हौसेने करून घेतलेलं, जड, कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही. फ्रीज आणि टेबल यांच्या मधून वॉकर जेमतेम जायचा. कधी कधी अडायचा, आणि थोरली तिरकी होऊन, ओठ आवळून, दुखऱ्या पायावर भार घेत पलीकडे जायची. धाकटी ओट्यापाशी उभी राहून हे बघत होती.

एका दुपारी थोरली झोपलेली असताना तिने फरशीवर साबणाचं पाणी टाकलं, पदर खोचला आणि फ्रीजला खांदा लावला. मी आतल्या आत हेलकावे खाल्ले, डब्यातले खडे इकडून तिकडे घरंगळले. फ्रीज भिंतीला टेकला तेव्हा ती धापा टाकत होती. वाट मोकळी झाली. संध्याकाळी थोरली वॉकर घेऊन सरळ चालत आली आणि सरळ निघून गेली. वाट रुंद झाल्याचं तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. धाकटीनेही सांगितलं नाही. सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

माझं दुखणं तिथून सुरू झालं. साच्यात यायचं पाणी कमी झालं. खडे आधी बुटके झाले, मग पापुद्र्यासारखे पातळ, आणि मग पाण्याचा पत्ताच नाही. मी हात फिरवायचो तो रिकाम्या साच्यातून. दांडी खाली होती, डबा कोरडा होता, आणि मी नुसताच खाटखुट करत होतो. कामचुकार म्हणतील ही भीती वेगळीच.

थोरलीने डबा ओढला. रिकामा. तिने तो ठेवला आणि छताकडे बघून म्हणाली, की राग माणसाने माणसावर काढावा, गुडघ्यावर काढू नये.

धाकटीच्या हातातली पळी तशीच राहिली. आपण मुद्दाम बर्फ बंद केला असं बहिणीला वाटतंय, हे तिला कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तिने काही केलेलं नाही. पण मला तोंड आहे ते बर्फ टाकण्यापुरतं.

तिने चप्पल घातली आणि बाजारातल्या मासेवाल्याकडून पिशवीभर बर्फ आणला. तो गुडघ्यावर ठेवला. गुडघ्याला आराम पडला, पण वास असा सुटला की शेजारची मांजरी खिडकीतून आत आली आणि थोरलीच्या पायाशी ठाण मांडून बसली. हाकलली तरी हलेना. गुडघ्याकडे अशा नजरेने बघत होती की थोरलीने पाय चादरीत गुंडाळून घेतला. धाकटी तोंडाला पदर लावून आत पळाली. थोरलीलाही हसू फुटलं होतं, पण ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही मासळीचाच बर्फ म्हटल्यावर थोरलीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी गच्चीवर एसी उघडून बसला होता. लगेच येता येणार नाही म्हणाला, पण फोनवरून सांगतो, करून बघा. फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. एका खुर्चीत थोरली, फ्रीजपाशी धाकटी. त्याने आधी बर्फाच्या दांडीचं विचारलं.

"तिला सांगा, दांडी खाली आहे का बघायला," थोरली म्हणाली.

"मावशी, त्या तिथेच आहेत ना तुमच्याजवळ?" दुरुस्तीवाला गोंधळला.

"आहे. तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. दांडी खालीच होती. मग त्याने थंडीचं बटण बघायला लावलं; तेही जागेवर. पाण्याची गाळणी तुंबली असेल म्हणाला. धाकटीने ती फिरवून काढली, धुतली, परत बसवली. काही नाही. मग त्याला वाटलं, माझ्या तोंडाशी येणाऱ्या नळीत बर्फ धरला असेल. धाकटीने कोमट पाण्यात फडकं पिळून माझ्या तोंडापाशी धरलं. काय सांगू, त्या थंडीत आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं तोंड ऊन फडक्याने पुसलं. पण नळी आतून मोकळीच होती. पाणी खालूनच येत नव्हतं.

"नळाखालची तोटी उघडी आहे?"

उघडी होती. पलीकडून ठोकाठोकी ऐकू आली, मग तो म्हणाला, "फ्रीज जागचा हलवला होता का कुणी?"

थोरली म्हणणार होती, की नाही, कोण हलवणार. तिने फ्रीजकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मधल्या मोकळ्या वाटेकडे पाहिलं. मग फरशीवरच्या दोन लांब ओरखड्यांकडे.

"हलवला," धाकटी म्हणाली. "मी."

"कशाला?" हे थोरलीने विचारलं. छताला नाही, भिंतीला नाही, तिला.

"तुझा वॉकर अडत होता, ताई."

थोरलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा काढला. फोनवर दुरुस्तीवाला सांगत होता, की मग नळी मागे दाबली गेली असणार, फ्रीज पुढे घ्या. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. "एकटीने ढकललास?" थोरलीने विचारलं. "पाठ बघ तुझी. वय बघ."

"साबण लावला होता खाली," धाकटी म्हणाली, जणू त्याने वय कमी होतं.

दोघींनी मिळून फ्रीज पुढे घेतला, म्हणजे धाकटीने ओढला आणि थोरलीने खुर्चीतून टॉर्च धरला. नळी भिंतीशी चेपून दुमडली होती. "बघ, घडी पडलीय," धाकटी म्हणाली. आयुष्यभर घड्या मोडणारे तिचे हात. तिने तेच कोमट फडकं नळीला गुंडाळलं, बोटांनी हळूहळू दाबून नळी गोल केली. आणि माझ्या घशाशी पाणी आलं. आधी हवेची एक उचकी, मग धार. ते ऐकून दोघींनी टाळी द्यायचीच काय ती बाकी होती.

दुरुस्तीवाल्याने सवडीने नवी नळी टाकतो म्हणून सांगितलं, पण फ्रीज पुन्हा मागे नेऊ नका, अशी ताकीद दिली. म्हणजे वॉकर पुन्हा अडणार. धाकटी वाटेचा अंदाज घेत उभी राहिली.

"टेबल काढ इथून," थोरली म्हणाली.

"तुझं टेबल?"

थोरलीने टेबलावरून एकदा हात फिरवला. घशातला काटा निघायला तेवढा वेळ लागलाच. "आपलं," ती म्हणाली. "आपल्या घरातलं. त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट बोलले, बारके."

धाकटीने टेबलाची कड धरली. "पाय वाकवशील का आता?" तिने विचारलं.

थोरलीने तिथल्या तिथे, खुर्चीत बसल्या बसल्या, दातावर दात दाबून पाय वाकवून दाखवला.

याला आता बरेच दिवस झाले. टेबल बाहेरच्या खोलीत गेलं आणि धाकटीचं शिवणयंत्र त्यावर बसलं. नवी नळी आली. वॉकर गेला, काठी आली, तीही हल्ली छत्रीच्या शेजारी टांगलेली असते. माझंही वय झालंय. मोटर कुरकुरते, खडे कधी दोन-दोन चिकटून पडतात. जायचे दिवस जवळ आले असतील. पण तोवर तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की तुमच्या घरातला माझा एखादा भाऊबंद रुसला, तर त्याला लगेच भंगारात काढू नका. दांडी बघा, गाळणी बघा, आणि फ्रीजच्या पाठीमागे चार बोटं जागा सोडलीय का, तेही एकदा वाकून बघा.

दुपारी दोघी पलीकडच्या खोलीत आडव्या होतात. मी माझा घाणा काढतो, आणि खडे डब्यात धडाधड कोसळतात.

"कोण आलं गं?" थोरली झोपेतून विचारते.

"कुणी नाही, ताई. बर्फ पडला," धाकटी सांगते.

आणि दोघी कूस बदलतात.